खाते क्रमांकाचा शेवटचा अंक 0 होत होता : माझा अनुभव

पॉवर क्वेरीतून (एक्सेलमधलं बाहेरचा डेटा आणायचं साधन) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला डेटा असलेली साधी फाइल) एक्सेलच्या शीटवर आणली की सोळा अंकी खाते क्रमांकातला शेवटचा 7 जाऊन 0 यायचा. 0042 ने सुरू होणारे क्रमांक थेट 42 पासून. सेल फॉरमॅट बदलला, अपोस्ट्रॉफी लावली, काही नाही. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

कारण साधं आहे: एक्सेल आकड्याचे 15 च अंक नेमके जपतो आणि पॉवर क्वेरी पहिल्या 200 ओळी बघून स्वतःच कॉलमचा प्रकार ‘होल नंबर’ (पूर्णांक) ठरवते.

शेवटी हे चाललं. मूळ सीएसव्ही नव्याने घेतली, कारण जुनी मीच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती, म्हणजे अंक तिथेच गेलेले. क्वेरीवर राइट क्लिक, एडिट. खाते क्रमांकाच्या शीर्षकाशेजारच्या ‘123’ वर क्लिक, टेक्स्ट. आता खिडकी विचारते: ‘रिप्लेस करंट’ की ‘ॲड न्यू स्टेप’? रिप्लेस करंटच. (मी आधी दुसरं दाबलं होतं, आकडा होताना उडालेली शून्यं टेक्स्ट केल्यावर परत येत नाहीत.) मग क्लोज अँड लोड.

मर्ज करायचं (म्हणजे या कॉलमवरून दोन टेबलं जोडायची) असेल तर दुसऱ्या टेबलातला तोच कॉलमही टेक्स्ट करा. रक्कम मात्र आकडाच ठेवा, तिची बेरीज लागते.