घाटात खुणा डाव्या हाताने

पावसाळ्यात चोर्ला घाटातून दोन-चार मोटारसायकली एकामागून एक निघाल्या असतील, तर खुणा डाव्या हातानेच कराव्यात, कारण ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो आणि ओल्या उतारावर तो सोडणे परवडत नाही. क्लच डावीकडे असल्याने गिअर आधीच बदलून घ्यावा. वेग कमी करायला सांगताना तळवा जमिनीकडे ठेवून हात खाली-वर हलवावा. उजवीकडचा खड्डा मात्र उजवा पाय किंचित बाहेर काढून दाखवावा, तोही खड्डा दिसताक्षणी. चाक त्यात आपटल्यावर दाखवलेल्या खुणेचा मागच्याला काय उपयोग? पुढच्याचा इंडिकेटर चालू राहिला असेल, तर त्याच्या आरशात दिसेल अशी मुठीची उघडझाप करावी. पणजीच्या गर्दीत अनोळखी चालकांना या खुणा कळतीलच असे नाही. तिथे इंडिकेटर वेळेवर लावावा.