हाताला न लागणारं आजारी मांजर दवाखान्यात कसं न्यायचं?

भटकं मांजर आजारी दिसतं, पण जवळ गेलं की धूम ठोकतं. मागे धावू नका, बिथरलं तर ते पुन्हा फिरकणार नाही.

१. लांबूनच मोबाइलवर व्हिडिओ काढा: लंगडणं, गळणारी लाळ, श्वासागणिक आत-बाहेर होणारं पोट. टेबलावर ठेवल्यावर मांजर भीतीने गोठतं आणि यातलं काहीच दिसत नाही. डॉक्टरांना हाच व्हिडिओ उपयोगी पडतो.

२. पकडण्याआधी फोन करा. 'हात लावू न देणारं मांजर तपासाल का? गुंगी द्यायची सोय आहे का?' सगळीकडे नसते. अँटिबायोटिक लागलंच तर १४ दिवसांपर्यंत टिकणारं एकच इंजेक्शन चालेल का, तेही विचारून ठेवा. अशा मांजराला रोज गोळी भरवणार कोण!

३. सापळ्याचा पिंजरा प्राणिमित्र संस्थांकडे उसना मिळू शकतो. आत उग्र वासाचा मासा ठेवा. दार पडलं की लगेच वर जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड बरीच कमी होते.

चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा.