काटा वर, गाडी तेवढ्यावरच: टॉर्क कन्व्हर्टरची चाल आरपीएमवरून कशी ओळखायची

कागलच्या पुढे हायवेवर ऐंशीच्या वेगाने टॉप गिअरमध्ये चाललात. पुढे उसाची ट्रॉली आली म्हणून रेस किंचित वाढवली. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा १५०० वरून १७५० वर गेला, पण वेग तोच आणि डॅशवरचा गिअरचा आकडाही तोच. मॅन्युअल गाडीत असं झालं तर क्लच गेला म्हणायचं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र हे रोजचं काम आहे. बिघाड कुठला आणि काम कुठलं, हे आकड्यांवरून ठरवता येतं.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे क्लचच्या जागी बसणारा, इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग. आधी गाडीत तो आहे का ते पाहा. एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्सवर बेतलेली ऑटोमॅटिक) तो नसतो. तिथे साधा क्लचच मोटरने दाबला जातो. डीसीटीत (दोन क्लचची ऑटोमॅटिक) बहुतेक नसतो. क्रेटा डिझेल, इनोव्हा क्रिस्टा, एक्सयूव्ही ७०० यांच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये असतो आणि कित्येक सीव्हीटींमध्येही (ठरावीक गिअरऐवजी बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक) असतो.

आत काय चालतं ते थोडक्यात. एका बंद डब्यात तेल असतं. इंजिनाला जोडलेला इम्पेलर ते तेल फेकतो, गिअरबॉक्सला जोडलेली टर्बाइन त्या माऱ्याने फिरते. मध्ये स्टेटर असतो. टर्बाइनमधून परतणारं तेल तो योग्य दिशेला वळवून पुन्हा इम्पेलरकडे देतो आणि त्यामुळेच टॉर्क वाढतो. गाडी जागेवर असताना ही वाढ साधारण दुप्पट असते. इंजिन २०० न्यूटन मीटर देत असेल तर गिअरबॉक्सच्या तोंडाशी ४०० च्या आसपास मिळतात. म्हणजे पहिल्या गिअरच्या आधी आणखी एक गिअर फुकट मिळाल्यासारखं, फक्त त्याचं प्रमाण ठरलेलं नसतं. टर्बाइन इंजिनाच्या ८५ ते ९० टक्के वेगाला पोचली की वाढ संपते, स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि कन्व्हर्टर नुसता जोड उरतो. ही उरलेली दहा-पंधरा टक्के घसरणही थांबावी म्हणून आत लॉकअप क्लच असतो. तो बसला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध फिरतात.

आता हिशोब. गाडीच्या माहितीपत्रकातून गिअरचं प्रमाण आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतर चाकांआधीचं शेवटचं प्रमाण) काढा, टायरवरून परीघ काढा. २१५/६० आर १७ टायरचा व्यास ६९० मिलिमीटर, परीघ सुमारे २.१७ मीटर. ताशी किलोमीटरला १६.६७ ने गुणलं की मिनिटाचे मीटर मिळतात. ८० च्या वेगाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ६१५ फेरे. समजा टॉप गिअर ०.७ आणि फायनल ३.५ आहे. ६१५ × ०.७ × ३.५ म्हणजे साधारण १५००. हा लॉक असतानाचा आकडा. काट्यावर १७५० दिसले तर वरचे अडीचशे घसरणीचे. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे वेग मोबाइलच्या जीपीएसवर घ्या, नाहीतर हिशोब फसतो.

प्रत्येक गिअरचा ४० आणि ८० च्या वेगाचा आकडा कागदावर लिहून सनव्हायझरला लावून ठेवा. मग वीस मिनिटं गाडी चालवून तेल गरम होऊ द्या. थंड तेलात बऱ्याच गाड्या लॉकअप बसवतच नाहीत. सपाट रस्त्यावर वेग आणि रेस स्थिर ठेवा. काटा कागदावरच्या आकड्याच्या ५० च्या आत आला तर लॉकअप बसलाय. (काही नव्या गाड्या थरथर जाणवू नये म्हणून मुद्दाम २०-५० आरपीएमची घसरण ठेवतात.) आता रेस थोडी वाढवा. गिअर न बदलता काटा दोन-तीनशेने उचलला तर लॉकअप सुटला. तेल गरम असूनही सपाटीला तो कधीच बसत नसेल, तर ॲव्हरेज का पडलं याचं उत्तर तिथेच मिळतं.

खरी परीक्षा घाटात होते. भरलेली गाडी घेऊन आंबा घाट चढताना डी मध्ये ४० चा वेग, तिसरा गिअर आहे असं धरू. तिसऱ्याचं प्रमाण १.५ असेल तर लॉकचा आकडा १६१५ येतो. काटा मात्र २००० वर. घसरण १९ टक्के. टॉर्क अजून थोडा वाढत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाया जाणारी ताकद दहा टक्क्यांच्या आसपास. इंजिन ४० किलोवॅट देत असेल तर चार किलोवॅट, म्हणजे घरातले दोन गिझर, त्या डब्यातलं तेल तापवत बसलेत. उपाय साधा: मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर घ्या. २.४ च्या प्रमाणाला काटा २६०० वर जाईल, पण बऱ्याच सहा-गिअर गाड्यांत तिथे लॉकअप बसून राहतो आणि तेल थंड राहतं. आवाज वाढला म्हणजे इंजिनावर ताण आला असं नव्हे. कमी आरपीएमला रेस दाबून ओढणंच जास्त तापतं. उतारालाही तोच गिअर ठेवा. लॉकअप सुटलेला असेल तर इंजिनाचा ब्रेक कन्व्हर्टरमध्येच विरतो आणि सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो.

जोतिबाच्या चढाला, चैत्र यात्रेच्या गर्दीत, गाडी ब्रेकऐवजी रेसवर तोलून धरायची सवय फार वाईट. टर्बाइन थांबलेली, इंजिन फिरतंय, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद उष्णतेत. तेल ८० ते ९५ अंशांवर सुखी असतं, १२० च्या वर ते झपाट्याने खराब होतं. ब्रेक दाबा किंवा ऑटो होल्ड लावा. स्टॉल टेस्टला, म्हणजे गाडी ब्रेकवर रोखून इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं ते पाहण्यालाही, हेच लागू: ब्रेक दाबून पूर्ण रेस पाच सेकंदांहून जास्त कधीच नको, आणि नंतर मिनिटभर न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा. शिवाय नव्या गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) उभ्या गाडीत रेस तोडतो, त्यामुळे कंपनीने दिलेला स्टॉलचा आरपीएम हाताशी नसेल तर ही टेस्ट करूच नका.

बिघाडाची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात. ५०-७० च्या वेगात, हलक्या रेसवर, रस्त्यावरच्या रबरी पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली की फिटर प्लग-कॉइल बदलायला सांगतो. रेस थोडी वाढवून पाहा. लॉकअप सुटताच थरथर गेली तर दोष लॉकअपचा किंवा तेलाचा. मिसफायर असेल तर जोर पडल्यावर उलट वाढेल. सिग्नलला थांबताना गाडी हिसका देऊन बंद पडते तेव्हा लॉकअप सुटत नाहीये. उठताना मेलेली पण हायवेला झकास, तर स्टेटरचा एकदिशी क्लच दोन्हीकडे फिरतोय. तोच जाम झाला तर उलट: उठते छान, वेगात गुदमरते आणि तेल तापतं.

थरथरीला आधी तेल बदला, कन्व्हर्टर उतरवायची घाई नको. ड्रेन बोल्टमधून एकूण सातांपैकी तीन-साडेतीन लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून एका बदलाने निम्मंच नवं होतं, दुसऱ्याने ७५ टक्के, तिसऱ्याने ८७. प्रत्येक वेळी मध्ये शे-दोनशे किलोमीटर चालवा. निघालेलं तेल मापाच्या कॅनमध्ये मोजा आणि तेवढंच भरा. शेवटची पातळी मात्र इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानालाच तपासायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठेही जा, तेलाचं स्पेसिफिकेशन डब्यावर स्वतः वाचा. सीव्हीटीत साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं तेल) गेलं तर बेल्टची वाट लागते.

पंचगंगेचं पाणी चढलं, २०१९ आणि २०२१ सारखा हायवे शिरोलीला बंद झाला आणि गाडी पाण्यात राहिली, तर चावी फिरवू नका. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या छिद्रातून) पाणी आत शिरतं. तेल सोलकढीच्या रंगाचं निघालं तर क्लचची अस्तरं फुगायला लागलीत असं समजा. धक्का मारून अशी गाडी तशीही सुरू होत नाही, कारण तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. दोरीने ओढूही नका; इंजिनाला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली तर आतले भाग तेलाविना घासतात. फ्लॅटबेड मागवा आणि गॅरेजला पोचल्यावर आधी ड्रेन बोल्ट उघडायला सांगा.