ध्रुवावरच्या कणांचा माग : मराठवाड्यातून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

"सर, अंटार्क्टिकाला जाता येतं का?" परभणी-नांदेडकडची बीएस्सीची मुलं हे हमखास विचारतात. येतं. पण एअरोसोलवर, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर काम करायचं असेल, तर बर्फावरचे दिवस थोडे आणि प्रयोगशाळेतले फार, हे आधी मनाशी धरा. हे सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं : हा कण आला कुठून?

सल्फेटचंच, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनच्या संयुगाचंच बघा. लाटा फुटताना उडणाऱ्या तुषारांतून मिठाबरोबर ते हवेत येतं. उन्हाळ्यात समुद्रातले वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसारखे जीव, डायमिथाइल सल्फाइड हा वायू सोडतात, त्यापासूनही ते तयार होतं. अंटार्क्टिकात माउंट एरेबस हा जागृत ज्वालामुखी आहे, तोही गंधक ओततो. आणि आर्क्टिकमध्ये युरोप-रशियाकडच्या कारखान्यांचा धूर. हवा ओढून कण पकडणाऱ्या फिल्टरवर मात्र सगळं एकच सल्फेट दिसतं. मग वेगळं कसं करायचं? समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या वजनाच्या साधारण पाव पट सल्फेट असतं. सोडियम मोजून तेवढं वजा केलं की मिठाचा वाटा गेला. प्लवकांच्या वायूपासून मिथेनसल्फोनिक आम्लही बनतं, कारखान्यातून ते येत नाही; त्यावरून सजीवांचा वाटा कळतो. हिवाळ्यात आर्क्टिकमध्ये सूर्यच नसतो, प्लवक थंडावलेले असतात. तेव्हा उरलेलं सल्फेट बहुतांशी माणसाचं. हिवाळ्याच्या अखेरीस तिथे जो धुरकट पट्टा साचतो तो 'आर्क्टिक हेझ', 1950च्या दशकात वैमानिकांनी टिपलेला. अंटार्क्टिकाभोवती समुद्र आणि जोरदार पश्चिमी वारे, म्हणून तिकडे असा धूर फारसा पोचत नाही.

बाकीचे स्रोत थोडक्यात : समुद्री बर्फावरून वाऱ्याने उडणारा खारट हिमचुरा, आइसलँड-ग्रीनलँडच्या हिमनद्यांकाठची धूळ, जहाजं, तेलक्षेत्रांवर जळणारा वायू. पेंग्विनांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया नवे कण बनायला हातभार लावतो, हे ऐकून वर्गात हशा पिकतो, पण ते खरं आहे.

मला सगळ्यात अवघड वाटते ती काजळी. सायबेरियातल्या वणव्यांची काजळी आर्क्टिकवर जाते. लेवोग्लुकोसान हे रसायन सापडलं की लाकूड-पालापाचोळा जळाला, एवढं नक्की. आग विजेने लागली की माणसाने लावली, हे फिल्टर सांगत नाही. त्यामुळे 'नैसर्गिक' आणि 'मानवनिर्मित' असे दोन नेटके रकाने पाडलेला प्रबंध दिसला की मी जरा सावध होतो.

याच लेवोग्लुकोसानमुळे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला घरच्या घरी सराव करता येतो. लातूर-बीडकडे ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, तेव्हा नमुने घ्या. उन्हाळ्यातली धूळ आणि परळीच्या औष्णिक केंद्राकडची राख वेगळी ओळखायचा प्रयत्न करा. एमएस्सीच्या प्रकल्पाला एवढं पुष्कळ झालं. हवा कुठून आली हे शोधायला अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं हायस्प्लिट हे संगणक मॉडेल फुकट वापरता येतं. गावावरचे वारे मागे नेऊन बघा. पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एक तरी शिका.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र, कशातूनही येता येतं. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून एमएस्सी, मग नेट-जेआरएफ किंवा गेट, आणि पीएचडीसाठी गोव्याची एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था किंवा पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था. भारताची ध्रुवीय केंद्रं तीन : अंटार्क्टिकात मैत्री (1989) आणि भारती (2012), आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंदला हिमाद्री (2008). मोहिमेत जायचं तर प्रकल्प निवडला जावा लागतो. अंटार्क्टिकासाठी पुढे कडक वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडातल्या औलीला प्रशिक्षण. न्यू-ओलेसुंदला रेडिओ दुर्बिणीसाठी वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, ही तयारी फोनवेड्यांनी आधीपासून करावी.

तिथे गेल्यावर मोठा शत्रू म्हणजे आपलंच केंद्र. वीज डिझेल जनरेटरवर, म्हणून यंत्रं वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवतात आणि केंद्राकडून वारा आला त्या वेळचे आकडे काढून टाकतात. कण इतके कमी असतात की बोटाचा घामही सोडियमचा आकडा फुगवतो. म्हणून प्रत्येक फेरीत एक कोरा फिल्टर तसाच बसवून, हवा न ओढता काढून आणायचा आणि त्याचं मोजमाप वजा करायचं. पाचटाच्या प्रकल्पापासूनच हे कोरे फिल्टर ठेवत जा. मुलाखतीला मी समोर असलो तर निष्कर्षांआधी त्यांचेच आकडे मागतो.