पावसाकडच्या भिंतीला पत्रा लावायचा असेल तर

मराठवाड्यात पावसाळ्याचे चार महिने मिळून पडतो तो पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातला. कोकणात याच्या चौपटीहून जास्त. तरीही पश्चिमेची भिंत फुगली, रंगाचे पापुद्रे सुटले, कपाटामागं काळं पडलं, ही तक्रार लातूर-नांदेडकडंही घरोघर आहे. पाऊस मोजक्या दिवसांत पडतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्यात नव्या घरांच्या भिंती चार किंवा सहा इंची. एकदा झड लागली की तीन दिवसांत अशी भिंत आरपार भिजते. सप्टेंबरात बंगालच्या उपसागराकडून कमी दाबाचं क्षेत्र सरकत आलं की मग पूर्वेच्या भिंतीचीही पाळी येते. २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचे अवशेष इकडून गेले, तेव्हाचा पाऊस आठवावा.

यावर कलर कोटेड प्रोफाइल पत्र्याचं, म्हणजे रंगाचा मुलामा दिलेल्या उंचवट्या-खोलगट घड्यांच्या पत्र्याचं, आवरण हा चांगला इलाज आहे. एक मात्र आधीच मनात पक्कं धरायचं. पत्र्याच्या मागं थोडंफार पाणी जाणारच. सांध्यातून जाईल, स्क्रूच्या भोकातून जाईल, पहाटे पत्रा गार पडला की आतून दवही धरेल. आत गेलेलं पाणी खाली उतरून बाहेर पडलं पाहिजे आणि मागं वारा खेळला पाहिजे. पुढचं प्रत्येक माप याच हिशोबाचं आहे.

आधी ओल कुठून येते ते बघा

ओल जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंतच असेल, तिच्या वरच्या कडेला पांढरा क्षार फुलला असेल आणि उन्हाळ्यातही ती पूर्ण वाळत नसेल, तर पाणी पायातून वर चढतंय. काळ्या मातीत हे नेहमीचं. तिथं पत्र्याचा उपयोग नाही. ओल छताच्या कडेपासून खाली उतरत असेल तर गच्चीचा कठडा आणि पन्हळीचा पाईप आधी तपासा. भिंतीच्या मधोमध, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांना किंवा बीम आणि विटांच्या सांध्यावर डाग असतील, तर पाणी पावसाच्या माऱ्यानं येतंय आणि पत्रा कामाला येईल.

खात्री करायला भिंतीवर पाणी मारून बघतात. एप्रिल-मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात नळी सोडा म्हणणं बरं नव्हे. त्यापेक्षा पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप घ्या. तो आधी स्वच्छ धुवा, औषधाचा अंश घराच्या भिंतीवर नको. खालून सुरुवात करून वर सरकत जायचं, दर दोन-तीन फुटांचा पट्टा दहा-पंधरा मिनिटं भिजवायचा आणि आतून एकानं बघत राहायचं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

भिंतीला तिरकी भेग असेल आणि ती उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल, तर काळी माती फुगते-आकसते आणि पाया हलतो, असं समजा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आडवी मारून तिच्यावर तारीख लिहा. ती पट्टी तडकली तर आधी पायाचं बघायचं. पत्र्यानं भेग झाकली जाते, थांबत नाही.

दगड-मातीच्या जुन्या भिंतीत फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) ठोकू नका. मातीच्या सांध्यात तो धरत नाही आणि दगड मात्र ढिला होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच धाटणीच्या जाड भिंती ढासळल्या. अशा घराला भिंतीपासून सुटा, स्वतःच्या खांबांवर उभा सांगाडा करा. आणि शोभेची दगडी फरशी बाहेरून चिकटवायचा मोह टाळा. २०० चौरस फूट भिंतीला पत्रा नव्वद किलोच्या आसपास बसतो. पाऊण इंची दगड तेवढ्याच भिंतीला टनाभराचा होतो.

सामान

हिशोब २० फूट लांब, १० फूट उंच, खिडकी नसलेल्या भिंतीचा आहे.

पत्रा ०.५० मिलिमीटर जाडीचा, १० फुटी, ७ नग. बाजारात त्याला साडेतीन फुटी म्हणतात, पण सांधा चढवल्यावर निव्वळ रुंदी एक मीटरच्या आसपास भरते. दुकानातच टेपनं मोजा, प्रत्येक प्रोफाइलचं माप वेगळं असतं. ०.३५ चा पत्रा स्वस्त पडतो, मात्र शिडी टेकली तरी त्याला पोचा येतो. गारपिटीची तर गोष्टच सोडा.

जस्ताचा मुलामा असलेला चौकोनी पाईप ४० बाय ४०, २ मिलिमीटर जाड, २० फुटी ४ नग. अँगलचे तुकडे ५० मिलिमीटर लांबीचे ३२, आणि प्रत्येकाला ८ मिलिमीटरचा एक अँकर फास्टनर. स्क्रू स्वतः भोक पाडणारे, रबरी वायसरचे, २५ मिलिमीटर लांब: पाईपवर १४०, सांध्यांना ४०-४५, फ्लॅशिंगला (कडा-कोपरे झाकणाऱ्या वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना) तेवढेच. म्हणजे अडीचशेची पेटी आणा. समुद्राकाठी खाऱ्या हवेमुळं स्टेनलेसचे स्क्रू लागतात. आपल्याकडं चांगल्या जस्त मुलाम्याचे पुरतात.

सांगाडा

चार आडव्या ओळी: तळापासून ४ इंचांवर पहिली, वरच्या कडेखाली ४ इंचांवर शेवटची, मधल्या दोन सारख्या अंतरानं. अँगलचे तुकडे दर तीन फुटांना. भोक विटेत पाडायचं, सांध्यात नाही. ड्रिल आतल्या बाजूला किंचित वर चढता धरायचा, म्हणजे फास्टनरवरून पाणी आत ओघळत नाही.

सगळ्यात जास्त चूक इथंच होते. वेल्डर पाईप भिंतीला घट्ट चिकटवतो, कारण तसं मजबूत दिसतं. मग पाईप आणि भिंतीच्या बेचक्यात पाणी अडतं, धूळ बसते, चिखल होतो, आणि वर्षभरात आतल्या बाजूला बरोबर तीन-तीन फुटांवर ओलीचे आडवे पट्टे उमटतात. पाईप अँगलच्या तुकड्यावर भिंतीपासून १० ते १२ मिलिमीटर सुटा ठेवा. मधे बोट जाईल एवढी फट हवी. ती आणि पाईपची जाडी मिळून पत्रा भिंतीपासून दोन इंच दूर राहतो. मागून हवा वर सरकते, आणि मे महिन्यात दुपारचं ऊन थेट विटांवर पडत नाही, हा वरचा फायदा.

भिंत ओळंब्यात नसते हे धरूनच चला. दोन टोकांना ओळंबा लावून सुतळी ताणा आणि अँगलला लांबट भोकं पाडून घ्या, म्हणजे इंचभराचा फरक तिथंच जिरतो. वेल्डिंग केलं तर जळालेल्या जागी जस्ताचा प्रायमर मारा. नुसता लाल रंग दोन पावसाळे टिकतो.

सांगाड्याआधी पोकळ प्लास्टर ठोकून काढा, विटांचे सांधे भरा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. मागं ताडपत्री किंवा प्लॅस्टिक लावू नका, ओल कोंडते.

पत्रा चढवताना

तळाची कड जमिनीपासून किमान सहा ते आठ इंच वर, पण जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन इंच खाली. वर ठेवली तर ओघळ जोत्यावर पडून भिंतीत शिरतो. जमिनीला टेकवली तर शिंतोड्यांनी आणि चिखलानं आधी तीच कड गंजते.

शेजारच्या दोन पत्र्यांचा सांधा वाऱ्याकडं तोंड करून नको. पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येचा. पश्चिमेच्या भिंतीसमोर अंगणात उभं राहिलं की डावीकडं उत्तर येते. तिथून सुरुवात करा आणि प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्यावर चढवत दक्षिणेकडं या. म्हणजे सांध्याची उघडी कड उत्तरेकडं राहते. पत्र्याच्या एका कडेला बारीक खाच असते, ती कड नेहमी खाली. सांध्यातून ओढलं जाणारं पाणी त्या खाचेत तुटतं आणि खाली निघून जातं. वर-खाली दोन पत्रे जोडायचे झाले तर वरचा बाहेरून, सहा इंच चढवून.

छपराला स्क्रू उंचवट्यावर मारतात, म्हणून भिंतीलाही तसेच मारले जातात. भिंतीला स्क्रू खोलगट भागात मारा. तिथं पत्रा पाईपला टेकलेला असतो, दाबला जात नाही. उंचवट्यावर मारला तर पत्रा चेपतो आणि वायसर वाकडा बसतो. स्क्रू किती आवळायचा? रबर धातूच्या टोपीबाहेर अगदी किंचित डोकावलं की थांबायचं. टोपीखालून रबर फुगून बाहेर आलं तर ते दोन उन्हाळ्यांत तडकणार. वायसर बोटानं फिरत असेल तर ढिला आहे. ड्रिल मशीन जोरात धरणारा पोरगा या कामाला नको.

दहा फुटी पत्रा हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत लांबीत दोनेक मिलिमीटर वाढतो-आकसतो. म्हणून वर स्लॅब किंवा छज्जा असेल तिथं १० मिलिमीटर फट सोडा. शक्यतो काम सकाळीच उरका; तापलेला पत्रा हाताला भाजतो आणि मापही चुकतं.

कापायला ग्राइंडर वापरू नका. उडणाऱ्या ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्या पावसानंतर पत्र्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात. मग पत्रा खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण. पत्र्याची कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा आणि रोज संध्याकाळी ड्रिलचा कीस मऊ झाडूनं झाडून काढा.

खिडकी आणि छज्जा

गळती झाली तर इथूनच होते. क्रम खालून वर. आधी खिडकीच्या तळाची फ्लॅशिंग: बाहेर उतार, दोन्ही टोकं वर वळवलेली, पुढची कड खालच्या पत्र्यावर इंचभर बाहेर येऊन खाली दुमडलेली. मग बाजूच्या पट्ट्या, त्यांची खालची टोकं तळाच्या फ्लॅशिंगच्या आत उतरलेली. शेवटी डोक्यावरची. तिच्यासाठी प्लास्टरमधे १५ मिलिमीटर खोल चर पाडायचा, वरची कड त्यात खोवायची, आणि वरचा पत्रा तिच्यावरून बाहेरून उतरवायचा. तो तिला टेकवायचा नाही, १० मिलिमीटर वर थांबवायचा. त्या फटीतूनच मागचं पाणी बाहेर पडतं.

छज्जा असेल तर त्याच्या वर भिंतीलगत काटकोनी फ्लॅशिंग लावा. तिची उभी बाजू सहा इंच, पत्र्याच्या मागं. आडवी बाजू छज्ज्यावर, बाहेर उतार देऊन.

सीलंट चरात भरायला ठीक आहे. सांध्यांच्या तोंडावर त्याच्या रेघा ओढणं म्हणजे आत गेलेलं पाणी आतच कोंडणं. आणि सिलिकॉन घेताना नळी उघडून वास घ्या. लोणच्याच्या व्हिनेगरसारखा उग्र वास आला तर ते पत्र्याला नको, त्यातलं आम्ल मुलामा खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा.

वरची आणि खालची कड

गच्चीच्या कठड्यावर पत्र्याची टोपी बसवा. उतार गच्चीकडं, बाहेरची बाजू भिंतीच्या पत्र्यावर तीन-चार इंच उतरलेली, पण मधे १० मिलिमीटरची मोकळीक. हवा तिथूनच बाहेर पडते. कोपऱ्यांची फ्लॅशिंग दोन्हीकडं सहा-सहा इंच. वाऱ्याची ओढ कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त, तेव्हा तिथं स्क्रू दाट.

विजेची वायर पत्र्यातून नेताना पीव्हीसीच्या नळीतून, बाहेर उतार देऊन न्या, आणि सांगाड्याला अर्थिंग जोडून घ्या. यात काटकसर नाही. खिडकीत कूलर असेल तर त्याचं पाणी पत्र्यावर पडू देऊ नका. बोअरच्या पाण्यातला क्षार एका उन्हाळ्यात पांढरे ओघळ उठवतो आणि त्याखाली गंज धरतो.

तळाच्या फटीला गंज न धरणारी बारीक जाळी लावा, छिद्र ५ मिलिमीटरपेक्षा लहान. उंदीर, पाली, गांधीलमाश्या या फटीची वाटच बघत असतात. जाळी नसली की घरातलं कुणीतरी वैतागून ती फट सिमेंटनं लिंपून टाकतं, आणि सगळी मेहनत तिथं संपते. भिंत आधीपेक्षा जास्त ओली राहते, कारण आता तिला ऊनही नाही आणि वाराही नाही. ओटा वाढवताना, अंगणात फरशी टाकताना, मुरूम भरताना हीच कड बुजते. गवंड्याला आधी सांगून ठेवा.

काम झालं की पुन्हा तोच फवारणी पंप घ्या आणि या वेळी मुद्दाम सांध्यांवर, खिडकीच्या डोक्यावर मारा. पाच-दहा मिनिटांनी खाली वाकून तळाच्या कडेला बघा. पत्र्याच्या आतल्या बाजूनं जाळीतून थेंब-थेंब पाणी गळताना दिसलं तर घाबरू नका. आत गेलेलं पाणी बाहेर येतंय. खोलीतली भिंत कोरडी असली की स्क्रूच्या उरलेल्या पिशवीला गाठ मारायला हरकत नाही.