लॅपटॉप झोपेतून उशिरा जागा होतो? कर्नलचा ट्रेस घेताना या चुका टाळा

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपचे झाकण उघडल्यावर काम सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर तो कोणत्या ड्रायव्हरपाशी (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी) खर्च होतो हे शोधण्याची साधने कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, आहेत. नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून गायत्रीनगरच्या आयटी पार्कपर्यंत ही साधने वापरणारे कमी नाहीत. मात्र मोजणी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे न पाहताच एखाद्या ड्रायव्हरला दोषी ठरवले जाते.

पहिली चूक ट्रेसर निवडतानाच होते. एफट्रेसमध्ये, म्हणजे कर्नलमधील घडामोडी वेळेसह नोंदवणाऱ्या साधनात, 'वेकअप' नावाचा ट्रेसर दिसतो आणि नवखा माणूस तोच लावून बसतो. परंतु सर्वाधिक प्राधान्याचे टास्क जागे केल्यापासून प्रत्यक्ष प्रोसेसरवर चढेपर्यंतचा विलंब तो मोजतो, उपकरणांच्या रिझ्यूमशी (झोपेतून परत येण्याशी) त्याचा संबंध नाही. आपल्याला 'पॉवर' गटातील घटना हव्या असतात, म्हणजे 'सस्पेंड रिझ्यूम' आणि उपकरणाच्या कॉलबॅकचा (त्याला झोपवण्या-जागवण्यासाठी कर्नल बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनचा) आरंभ व शेवट नोंदवणारी जोडी. 'पीएम ट्रेस' हा पर्यायही या कामाचा नाही. मशीन रिझ्यूम होताना गोठत असेल, तर शेवटची खूण घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवण्यासाठी तो आहे. त्यामुळे तारीख-वेळ बिघडते, शिवाय उपकरणांचे समांतर रिझ्यूम बंद होऊन सगळी मोजमापेच बदलतात.

झोप कोणत्या प्रकारची होती हे न पाहणे ही चूक तर सर्रास होते. मशीन झोपवण्यासाठी कर्नलच्या 'स्टेट' फाइलमध्ये 'मेम' लिहिले की गाढ झोपच लागली असे बहुतेक जण गृहीत धरतात, पण 'मेम स्लीप' या फाइलमध्ये चौकटी कंसात जो प्रकार असेल तोच लागू होतो. एका मशीनवर 'एस-टू-आयडल' (हलकी झोप) आणि दुसऱ्यावर 'डीप' (गाढ झोप) असेल, तर त्यांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे, कारण 'डीप'मध्ये बटण दाबल्यावर आधी फर्मवेअर (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅम) धावते आणि कर्नलकडे सूत्रे त्यानंतर येतात. हा फर्मवेअरचा वेळ ट्रेसमध्ये दिसतच नाही. मशीनने तो नोंदवला असेल, तर एसीपीआयच्या (फर्मवेअर ज्या मानकाने कर्नलला माहिती देते त्याच्या) एफपीडीटी तक्त्यात सापडतो. ट्रेसचे मूळचे 'लोकल' घड्याळही झोपेतला काळ धरत नाही, तो धरायचा असेल तर 'बूट' घड्याळ निवडावे लागते. डीमेसेजमधील (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीतील) वेळांनाही हीच मर्यादा आहे, आणि त्यांचे तारखेत रूपांतर करणारा पर्याय सस्पेंडनंतर (झोपेनंतर) चुकू शकतो.

आता मुख्य गोष्ट. कॉलबॅक संपला म्हणजे उपकरण तयार झाले, असा अर्थ अनेक जण काढतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्या. तबकडी पूर्ण वेग घ्यायला काही सेकंद घेते आणि जुन्या कर्नलमध्ये सगळे रिझ्यूम तेवढा वेळ खोळंबत असे. 2014 मध्ये आलेल्या 3.15 आवृत्तीपासून साटा जोडणीच्या डिस्कची ही वाट कॉलबॅकमध्ये पाहिली जात नाही. परिणामी ट्रेसमध्ये डिस्कचा कॉलबॅक झटकन आटोपलेला दिसतो, कर्नल आपल्या बाजूने काम संपल्याची नोंदही करतो, आणि तरीही पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप उघडत नाही, कारण पहिले वाचन तबकडीची वाट पाहत अडकलेले असते. अशा वेळी पॉवरच्या घटनांसोबत ब्लॉक थराच्या (डिस्ककडे वाचन-लेखनाच्या मागण्या पाठवणाऱ्या थराच्या) घटनाही सुरू ठेवल्या, तर डिस्ककडे गेलेली पहिली मागणी आणि तिचे उत्तर यांतील अंतर स्वच्छ दिसते. रनटाइम पॉवर व्यवस्थापनातही (मशीन चालू असताना वापरात नसलेले उपकरण झोपवण्यातही) असेच घडते: आधीच झोपलेले उपकरण रिझ्यूमच्या वेळी तसेच झोपू दिले जाऊ शकते, त्याचा कॉलबॅक ट्रेसमध्ये येत नाही आणि खर्च पहिल्या वापराच्या माथी पडतो.

बेरीज करण्याचा मोह टाळावा. समजा ग्राफिक्सला 400, यूएसबी हबला 350 आणि ध्वनीच्या चिपला 300 मिलिसेकंद लागले. तिन्ही समांतर चालले असतील, तर एकूण वेळ 400च्या आसपास राहतो आणि ध्वनीचा ड्रायव्हर कितीही सुधारला तरी फरक पडत नाही. उलट टचपॅडचा कॉलबॅक उशिरा सुरू झाला असेल, तर आधी त्याच्या पालक उपकरणाकडे, म्हणजे तो ज्याला जोडलेला असतो त्या आय-स्क्वेअर-सी कंट्रोलरकडे पाहावे, कारण पालक जागा होईपर्यंत अपत्याला थांबावेच लागते. कर्नलच्या स्रोतासोबत येणारे 'स्लीपग्राफ' हे साधन हा सगळा पट कालरेषेवर मांडते, त्यामुळे ओळी हाताने चाळण्यापेक्षा तेच वापरलेले बरे.

मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांपलीकडे गेला, की मंद रिझ्यूमचे खापर उन्हावर फोडले जाते आणि लॅपटॉप कूलरसमोर नेऊन ठेवला जातो. माझ्या मते हा तर्क सहसा लंगडा ठरतो, कारण रिझ्यूमचा मोठा भाग प्रोसेसरच्या गणनेत जात नाही, तर हार्डवेअरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो.

'पीएम टेस्ट' या कर्नलच्या चाचणीत 'डिव्हाइसेस' निवडून घेतलेले आकडे खरे मानू नयेत. त्यात मशीन झोपत नाही, ठरलेले काही सेकंद थांबून परत येते आणि अनेक उपकरणांची वीज तुटतच नाही.

शेवटी मोजण्याचा खर्च. सर्व फंक्शनांचा ग्राफ ट्रेसर (कोणते फंक्शन कोणाला बोलावते आणि किती वेळ घेते हे नोंदवणारा) लावला, की छोट्या फंक्शनांचे वेळ फुगतात आणि नोंदींचा बफर भरून जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून आधी फक्त घटना नोंदवाव्यात आणि संशयित कॉलबॅक सापडल्यावर त्याच्यापुरताच ग्राफ घ्यावा. प्रत्येक सीपीयूच्या आकडेवारीत 'ओव्हररन' (पुसल्या गेलेल्या नोंदींचा आकडा) शून्य आहे ना, हे आधी पाहावे. सिरियल कन्सोल (संदेश केबलवरून बाहेर पाठवणारा संथ मार्ग) चालू ठेवून 'पीएम प्रिंट टाइम्स' (प्रत्येक कॉलबॅकचा वेळ छापणारा पर्याय) लावणे तर महागच पडते: 115200 बॉडच्या वेगाने 80 अक्षरांची एक ओळ छापायला सुमारे 7 मिलिसेकंद लागतात आणि अशा ओळी शेकड्यांनी येतात, तेव्हा कन्सोलची लॉग पातळी उतरवून त्या नोंदी नंतर डीमेसेजमधून वाचाव्यात.