गोष्टीतल्या मुली, गोष्टीतले मुलगे: शिक्षकांबरोबर बसण्याआधी

मुलांच्या गोष्टींत मुली कुठे आणि मुलगे कुठे असतात, यावर शाळेत शिक्षकांबरोबर अर्धा दिवस बसायचं ठरलं असेल, तर सगळ्यात आधी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. फळा, खडू, सतरंज्या असतातच. किल्ली नसते. ती ज्या बाईंकडे असते, त्या नेमक्या निवडणुकीच्या कामावर गेलेल्या असतात. गेल्या खेपेला हेच झालं. मग पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेली पुस्तकं मांडली की सगळे माना डोलावतात आणि म्हणतात, “बरोबर आहे, पण आमच्याकडची पुस्तकं अशी नाहीत.” तिथेच बैठक संपते. म्हणून किल्ली आदल्या दिवशी आणि प्रत्यक्ष हातात. फोनवरचं “हो, आहे” चालणार नाही.

वीसेक पुस्तकं काढा. फाटलेली आधी, कारण मुलं तीच वाचतात. मग गट करून कागदावर रेघा मारायच्या: घराबाहेर कोण, ओट्यापाशी कोण, रडतं कोण, अडचण कोण सोडवतं. प्राणीही मोजायला लावा. ते सगळे विसरतात, आणि एप्रन नेमकं अस्वलाच्या आईलाच बांधलेलं असतं. दुसरीचं बालभारती ठेवा. २०१९ साली त्यात घरकाम करणाऱ्या पुरुषांची चित्रं आली. त्याआधीची प्रत शेजारी हवी, आणि ती कपाटाच्या तळाशी असते. कळलं ना, किल्ली!

एक गोष्ट मुलगा-मुलगी अदलाबदल करून मोठ्याने वाचा. घरी सराव करा, क्रियापदं बदलताना जीभ अडखळते. हशा पिकेल तिथे थांबा आणि का हसलात ते विचारा. कुठली पुस्तकं बाद करायची हा विषय काढू नका. सर लोक लगेच बचावाला उतरतात, आणि नवी पुस्तकं घ्यायला पैसे आहेत कुणाकडे? आहे त्याच गोष्टीवर वर्गात विचारायचे दोन प्रश्न प्रत्येकाने लिहून न्यावेत.

चहा कोण देणार ते सकाळीच ठरवा, नाहीतर फळ्यावर ‘समानता’ लिहिलेली असते आणि कप उचलायला तिघी बाईच उठतात.

हजेरी, सह्या, फोटो, नेहमीचं. महिन्याभराने फोन करून प्रश्न वर्गात विचारले का ते बघा. सुट्टीत करू नका, कुणी उचलत नाही.